दहा माणसं कुठून आणू?

*प्रिय ताई,*

*माझे पप्पा गेल्या संक्रांतीच्या रात्री, 14 जानेवारी 2025 ला नऊच्या सुमाराला गेले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पप्पा अलिबागच्या इस्राएल आळीतले, पण शेवटची सहा वर्षं माझ्याकडे कल्याणला होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे माती गावीच दिली. भाऊ इस्राएलमध्ये अश्दोदला असतो. तो तिथे रोज सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात जाऊन पप्पांसाठी कद्दिशची प्रार्थना म्हणत होता. मी अकरा महिन्यांत एकदाही म्हटली नाही. मला ती येतच नाही.*

*आता वर्षाचं जवळ आलंय. भाऊ म्हणतो, दहा पुरुष जमणार नसतील तर तू काही करू नकोस, मी इथे करतोय ना. माझं सासर मराठा. सासूबाई म्हणतात, संक्रांतीलाच फोटोला हार घालू, पान वाढून कावळ्याला ठेवू, माझे व्याही होते, मलाही काही करू दे. नवरा म्हणतो, तुला बरं वाटेल ते कर. सगळ्यांत जास्त राग मला त्याचाच येतो.*

*पप्पा दर वर्षी आजीच्या नावानं ग्लासात पाणी आणि तेल घालून दिवा लावायचे, एवढंच मला आठवतं. तारीख कुठली धरू? दहा माणसं कुठून आणू? आणि मी काहीच केलं नाही, हे मनातून जात नाही त्याचं काय करू?*

*– पप्पांची लेक, कल्याण*

प्रिय लेकी,

आधी तारखेचं बघू, कारण संक्रांत धरून बसलात तर दहा दिवस उशीर होईल.

आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो. पप्पा रात्री नऊला गेले, तेव्हा इंग्रजी तारीख 14 असली तरी हिब्रू दिवस पुढचा लागला होता. तो होता हिब्रू वर्ष 5785 मधल्या तेवेथ महिन्याचा, 15 तेवेथ. यंदाची 15 तेवेथ येतेय रविवारी, 4 जानेवारी 2026 ला. म्हणजे दिवा आदल्या संध्याकाळी, 3 तारखेला लावायचा. आणि ती शनिवारची संध्याकाळ आहे, तेव्हा शब्बाथ, म्हणजे आपला शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुटेपर्यंत काडी ओढायची नाही. गच्चीवर जा, तीन तारे दिसले की खाली या. कल्याणच्या आकाशात तारे नाही दिसले तर सातच्या सुमाराला लावा. चंद्र मात्र दिसेल, आणि पूर्ण दिसेल. हिब्रू महिना चंद्रावर चालतो, त्यामुळे पंधरावी म्हणजे पौर्णिमाच असते.

सासूबाईंना पंचांग काढायला सांगा. पप्पा गेले त्या रात्री पौष वद्य प्रतिपदा होती आणि यंदा ती तिथी तुमच्या 3-4 जानेवारीच्याच अंगाला येते. दोन्ही कालगणना चंद्राच्या, दोन्ही अधूनमधून एक जास्तीचा महिना घालून ऋतूंशी हिशेब जुळवतात. म्हणून संक्रांतीऐवजी तिथी धरू असं म्हटलंत तर त्यांना ते लगेच पटेल. हे जुळणं यंदापुरतं आहे बरं का. त्यांचा अधिक ज्येष्ठ 2026 च्या उन्हाळ्यात येतोय आणि आपला जास्तीचा अदार महिना 2027 मध्ये, त्यामुळे पुढच्या वर्षी दोन तारखांत महिनाभराची फट पडेल. तेव्हा 15 तेवेथ असेल 25 डिसेंबरला. आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. संध्याकाळ 24 ची.

आता कद्दिश. तुमच्या पत्रात तो शब्द ज्या जागी आलाय तिथे शाई जरा दाबून लिहिल्यासारखी वाटली.

इतर वाचकांसाठी सांगते. कद्दिश ही आमच्यात गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. ती अरामी भाषेत आहे आणि तिला मिन्यान लागतो, म्हणजे तेरा वर्षांवरची दहा माणसं. आईवडिलांसाठी मूल ती अकरा महिने म्हणतं. बारा का नाहीत? तर जुनी समजूत अशी की, पापी माणसाचा न्याय बारा महिने चालतो. पुरे बारा महिने म्हटली तर मुलानंच बापाला पाप्यांत बसवल्यासारखं होईल. म्हणून एक महिना आधी थांबायचं. मला ही रीत फार आवडते. बाप कसा का असेना, मुलानं गावासमोर त्याची बाजू धरायची.

आणि गंमत अशी की, या प्रार्थनेत मरणाचा शब्द नाही. 'यिथ्गद्दल वेयिथ्कद्दश शेमे रब्बा', त्याचं थोर नाव वाढो, पवित्र मानलं जावो, अशी ती सुरू होते आणि शेवटी शांती मागते. ज्याच्या घरातून माणूस उठून गेलंय त्यानंच उभं राहून हे म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचं. या 'आमेन'साठीच दहा जण लागतात. एकट्यानं म्हटली तर उत्तर कोण देणार?

तुम्हाला ती येत नाही याची लाज वाटतेय. मग नवगावला एकदा जाऊन या, अलिबागपासून लांब नाही. आपल्या पूर्वजांचं गलबत तिथे फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीचे किनाऱ्याला लागले ते प्रेतं होऊन, ही गोष्ट पप्पांनी तुम्हाला सांगितलीच असेल. वाचलेल्यांनी पहिलं काम काय केलं? बुडालेल्यांना माती दिली. पुरुषांची एक, बायकांची एक, अशा दोन ढिगाऱ्यांची जागा म्हणून ते कबरस्तान आजही दाखवतात. पोथ्या, पुस्तकं सगळी समुद्रात गेली होती. आठवत होतं ते एवढंच: 'शेमा इस्राएल', 'हे इस्राएला, ऐक' ही प्रार्थना. पुढे कित्येक पिढ्या कोकणात तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, 'शनिवार तेली' म्हणवून घेत या लोकांनी जन्माला शेमा म्हटला, लग्नाला शेमा म्हटला, माती देतानाही शेमाच म्हटला. कद्दिश त्यांना माहीतही नव्हती. त्यांनी आपली माणसं आठवली नाहीत असं म्हणायची कोणाची टाप आहे?

शेमा तुम्हाला येतो. मला खात्री आहे, कारण तो न शिकता येतो.

भावाचं निम्मं बरोबर आहे. दहांशिवाय कद्दिश नाही. पण दहांशिवाय काहीच नाही, हे चूक. दिव्याला दहा लागत नाहीत. शेमाला लागत नाहीत. कबरीवर जायला लागत नाहीत, पप्पांच्या नावानं दान करायला लागत नाहीत. तेहिलीम वाचायलाही लागत नाहीत, म्हणजे आपली स्तोत्रं. त्यातलं 119 वं स्तोत्र हिब्रू बाराखडीवर रचलेलं आहे, बावीस अक्षरं, प्रत्येकाला आठ ओळी, एकूण 176. गेलेल्या माणसाच्या नावातली जी अक्षरं, तेवढीच कडवी वाचायची अशी चाल आहे. पप्पांचं हिब्रू नाव भावाकडून अक्षरं सुटी करून मागवून घ्या. वाचा मराठीत. मराठी बायबलमध्ये त्या स्तोत्रावर 'आलेफ, बेथ, गिमेल' अशी अक्षरांची नावं छापलेली सापडतात. देवाला मराठी कळत नसती तर आपण कोकणात एवढी शतकं काढलीच नसती.

मुलीनं कद्दिश म्हणावी का, हा तुमच्या पत्रात न विचारलेला प्रश्न आहे. जुन्या वळणाच्या सिनेगॉगमध्ये मिन्यान पुरुषांचा आणि म्हणणारा पुरुष. उदारमतवादी मंडळींत बाईलाही दहांत धरतात. आपल्याकडे डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू केली ती याच विचाराची. (त्यांच्या आडनावाचं गाव तुमच्या अलिबागजवळच आहे.) आणि त्याच्याही आधी, 1916 मध्ये, अमेरिकेत हेन्रिएटा सोल्ड या बाईंची आई वारली. घरात आठ मुली, मुलगा नाही. एका स्नेह्यानं आपण होऊन लिहिलं, तुमच्या आईसाठी कद्दिश मी म्हणतो. बाईंनी मनापासून आभार मानले आणि नको म्हटलं. आईची रीत पुढे चालवायची जबाबदारी मी घेतलीय, हे माणसांसमोर सांगणं म्हणजे कद्दिश, ते दुसऱ्यावर कसं टाकू, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. सोल्ड बाई काही परंपरा मोडायला निघालेल्या नव्हत्या. तुम्हाला त्यांच्यासारखं करावंसं वाटलं तर हझानना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, आधी भेटून विचारा. वर्षाच्या दिवशी, दारात उभं राहून हा वाद काढू नका. त्या दिवशी सगळेच हळवे असतात आणि तिथे बोललेलं मग पंचवीस वर्षं पुसलं जात नाही.

दहा माणसं कुठून आणायची, तर आणायची नाहीत. जिथे ती आपोआप जमतात तिथे आपण जायचं. वर्षाच्या दिवसाआधीच्या शब्बाथला सिनेगॉगमध्ये गेलेल्याच्या नावानं हश्काबा, म्हणजे त्याच्या स्मरणाची प्रार्थना, म्हणवून घ्यायची पद्धत आहेच. तुमचा तो शब्बाथ 3 जानेवारीचा. कल्याणहून ठाणं जवळ. आज आपल्या लोकांची सगळ्यांत मोठी वस्ती तिथेच आहे आणि तिथलं सिनेगॉग, शाआर हशामायिम, 1879 पासून उभं आहे. शनिवारी सकाळच्या प्रार्थनेला जा. शब्बाथला लोकलनं जायचं की नाही, हे पप्पा काय करायचे ते आठवून ठरवा, मी त्यात पडत नाही. आठवडाभर आधी हझानना फोन करा आणि एका कागदावर पप्पांचं हिब्रू नाव, त्यांच्या आईचं, त्यांच्या वडिलांचं, अशी तिन्ही नावं लिहून पोचती करा. ऐन वेळी आजोबांचं नाव आठवत नाही. हसू नका, माझं झालंय.

माझ्या आईच्या वर्षाला आम्ही मुंबईतल्या एका सिनेगॉगमध्ये संध्याकाळी जमलो होतो. आपल्यात माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत. स्तोत्रातली दहा शब्दांची एक ओळ म्हणायची आणि एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत जायचं. सिनेगॉगची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या शमाशनं 'होशिया' म्हणत सुरुवात केली आणि नवव्या शब्दाला माणसं संपली. शेवटचा 'हाओलाम' ठेवायला डोकंच नाही! पंख्याचा आवाज तेवढा येत होता. सगळे घड्याळाकडे बघत होते आणि मी जमिनीकडे. आई आयुष्यभर लोकांना जेवायला घालत आली आणि तिच्यासाठी एक माणूस कमी पडतोय, याचा मला असा काही राग आला की रडूही येईना. मग कोणीतरी खाली उतरून शेजारच्या इमारतीतल्या क्लासमधून एका मुलाला घेऊन आला. नुकतंच तेरावं पूर्ण झालेलं पोर, शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर, हातात अर्धा वडापाव. वडापाव बाहेर ठेवून आत आला. आमच्या आईला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पण 'आमेन' असं ठणठणीत म्हटलं त्यानं, की बाकीच्या नऊ जणांनाही आवाज चढवावा लागला.

त्या रात्री मला कळलं की त्याच गल्लीत आणखी चार जण घरी बसलेले होते. आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं, उगाच कोणाला त्रास नको म्हणून. 1948 नंतर लोक भराभरा इस्राएलला गेले, आज भारतात आपण चार-पाच हजार उरलोय, हे खरं. पण कमी पडलेला दहावा माणूस बहुतेक वेळा न बोलावलेला असतो. तेव्हा संकोच करू नका. पप्पांच्या ओळखीच्या सगळ्यांना फोन करा. मेसेज नको, फोनच. 'या हं' एवढं म्हणा.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अलिबाग. येतील ते चार का असेनात, घेऊन जा. कबरीवर फुलांऐवजी खडा ठेवतात हे माहीत आहे ना? वाटेत किनाऱ्यावर थांबा आणि प्रत्येकानं आपापला एक उचला. बाहेर पडताना हात धुवायचे, पाण्याची बाटली जवळ असू द्या. दगड बसवायचा राहिला असेल आणि भाऊ फक्त हिब्रू आणि इंग्रजीचा आग्रह धरत असेल, तर त्याला सांगा की कोकणातल्या आपल्या जुन्या कबरींवर मराठी कोरलेलं आहे आणि पप्पांची भांडणंसुद्धा मराठीतच व्हायची. ओळ हवी असेल तर बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातली पहिली घ्या, चांगलं नाव चांगल्या तेलाहून बरं. तेल्यांच्या पोरांना याहून योग्य ओळ मला तरी माहीत नाही.

सासूबाईंवर रागावू नका. त्या तुमच्या रीतीत लुडबुड करत नाहीयेत, त्यांचे व्याही गेलेत. सहा वर्षं दोघांनी एका घरात सकाळचा चहा घेतला असेल. फोटोला हार घालायचा तर घालू द्या. खरं सांगायचं तर आपल्या किती घरांत हार घातलेले फोटो नाहीत? फक्त दिव्याचं टेबल वेगळं ठेवा. कावळ्याच्या पानाला मात्र सरळ, गोड शब्दांत नाही म्हणा: 'आई, पप्पांच्यात हे करत नाहीत.' आणि लगेच पुढे सांगा की तेच पान आपण एखाद्या भुकेल्याला देऊ. हे काही पळवाट म्हणून नाही. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, म्हणजे आपल्या आज्यांचा दरफाळणीचा सण. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण असायचा. गेलेली माणसं या दिवसांत घरी येऊन जातात अशी जुन्यांची समजूत, आणि शिळ्या सणाला गरिबांना द्यायचं. सासूबाईंना ही गोष्ट सांगा. पितृपक्ष ज्यांच्या घरी आहे त्यांना ती समजावून द्यावी लागणार नाही.

आणि त्यांना काम द्या. रविवारी अलिबागहून परतल्यावर मलिदा करा. मलिदा मुळात एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नवसाचा, आभाराचा. पण आमच्या घरी वर्षाच्या दिवशीही ताट भरायचे. पोहे धुऊन निथळत ठेवायचे, खोबरं खवून घ्यायचं, साखर, वेलची, बदामाचे काप. खोबरं सासूबाईंना खवू द्या. करवंटीचा काळा अंश येता कामा नये, एवढं सांगा, त्या दुखावणार नाहीत, उलट 'मला शिकवू नकोस' म्हणतील आणि घर पुन्हा घरासारखं वाटेल. बाजूला केळी, खजूर, हंगामाची फळं आणि वासाला सब्जा. झाडाच्या फळावर एक बेराखा (आशीर्वचन), जमिनीतल्यावर दुसरी, सुवासावर तिसरी. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्यांनी 'आमेन' म्हणायचं. तुमचा नवरा, सासूबाई, कोणीही म्हणू शकतं. (नवऱ्याला 'तुला बरं वाटेल ते कर'ऐवजी गाडी ठरवायचं काम द्या. निदान त्याचं उत्तर हो किंवा नाही असं येईल.)

भावाचं एक राहिलं. तो चार हजार किलोमीटरवर बसून रोज सकाळी दहा अनोळखी माणसांत उभा राहिला, कारण पप्पांना खांदा द्यायला तो इथे नव्हता. 'तू काही करू नकोस' यात मला हुकूम कमी आणि 'हे तरी माझं राहू दे' असं जास्त ऐकू येतं. दिवा लावताना त्याला फोन करावासा वाटेल, पण करू नका. आपल्याकडे शब्बाथ सुटेल तेव्हा अश्दोद साडेतीन तास मागे असेल, तिथे शब्बाथ चालूच असेल, तो फोन उचलणार नाही आणि तुम्हाला उगाच लागेल. रात्री साडेनऊला करा. तिथे सहा वाजलेले असतील, त्याचाही दिवा लागलेला असेल. पप्पा गेले तीच वेळ जवळपास. कॅमेरा तुमच्या ग्लासावर धरा आणि त्याला कद्दिश हळूहळू, एकेक शब्द सांगायला लावा. म्हणायची म्हणून नाही, शिकायची म्हणून. शिकायला दहा लागत नाहीत.

दिव्याचं तुम्हाला आठवतंय ते अगदी बरोबर आहे, त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नाही. ग्लास काचेचाच घ्या. अर्ध्याहून थोडं जास्त पाणी, वर खोबरेल. बुचाची पातळ चकती कापून मधोमध भोक पाडायचं, त्यातून वात ओवायची, ती तेलावर तरंगते. जानेवारीत खोबरेल थिजलं तर बाटली कोमट पाण्यात उभी करा. हा दिवा रविवारच्या सूर्यास्तापर्यंत जळायला हवा, म्हणून तेलात हात आखडू नका. अलिबागला निघताना घरात कोणी थांबणार नसेल तर ग्लास मोरीत किंवा स्टीलच्या परातीत ठेवा, पडद्याजवळ नको.

बूच मात्र शुक्रवारीच कापून ठेवा. शब्बाथच्या दुपारी सुरी घेऊन बसलेलं पप्पांना खपलं नसतं.

– ताई